मजुराचे अंग आणि मालकाची जबाबदारी

(मंडळाच्या वतीने अर्धापूर येथे विहाराच्या सभागृहात शेतमजूर, सालगडी, गुत्तेदार आणि बागायतदार यांचा एकत्र मेळावा घेण्यात आला. त्यात एका निवृत्त औषध निर्मात्याने केलेले हे भाषण. वक्त्यांनी ते स्मरणिकेसाठी स्वतः लिहून दिले आहे.)



मी डॉक्टर नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी औषध निर्माता. खेड्यात त्याला कंपाउंडर म्हणतात आणि मलाही तेच नाव आवडते. प्राथमिक आरोग्य केंद्रात उभी नोकरी केली. खिडकीच्या आतून गोळ्या देता देता बाहेरच्या माणसाचे हात दिसतात. कोणाची बोटे गेलेली, कोणाच्या नखांना हळदीचा रंग बसलेला, कोणाचा तळवा औषधाने सोललेला. माणूस काय काम करतो हे विचारावे लागत नाही. आज मी बोलणार आहे ते त्या हातांबद्दल. मंडळाने मालक आणि मजूर दोघांनाही एका सतरंजीवर बसविले, याचे मला विशेष वाटते. कारण ही गोष्ट एकट्या मजुराला सांगून उपयोगाची नाही. पंप त्याच्या पाठीवर असतो, पण पंप विकत घेणारा दुसरा असतो.

सुरुवात एका रात्रीपासून करतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. गावाचे, केंद्राचे आणि माणसांचे नाव सांगणार नाही. रात्री नऊच्या सुमारास एक जीप आली. आत एक सालगडी होता, वय तिशीच्या आत-बाहेर. तोंडाला फेस, अंग घामाने निथळत होते, दंडाचे स्नायू आपोआप उडत होते, आणि डोळ्यांच्या बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मालक पायरीवरच डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, यानं औषध पिलंय. घरी भांडण झालं." त्याची बायको मागून ओरडत होती, "काही पेलं नाही हो, सकाळपासून पंप मारायला होता, उपाशी होता." तिचे कोणी ऐकले नाही. मीही ऐकले नाही असे म्हणता येणार नाही, कारण मला ऐकू आले होते.

त्याचा सदरा कात्रीने कापण्याचे काम माझ्याकडे होते. सदऱ्याची पाठ ओलीचिंब होती. घामाने नाही, औषधाने. पंपाच्या टाकीच्या खालच्या बाजूला जिथे वायसर गळते, बरोबर तेवढ्या जागी कमरेपर्यंत ओघळ होता आणि कातडी लाल झाली होती. वास पाठीला येत होता, तोंडाला येत नव्हता. आम्ही ॲट्रोपिनची इंजेक्शने दिली, नांदेडला हलविले. दुसऱ्या दिवशी तो गेला. कागदावर "विष प्राशन" असे लिहिले गेले ते शेवटपर्यंत तसेच राहिले. आत्महत्या ठरली. मालकाची जबाबदारी संपली, बायकोला एक पैसा मिळाला नाही, आणि वरून नवऱ्याला त्रास देणारी म्हणून तिलाच गावात नाव ठेवले गेले. त्या रात्रीच्या औषधांच्या रजिस्टरात किती ॲम्प्युल्स खर्ची पडल्या ती नोंद माझ्या अक्षरात आहे. सदऱ्याच्या पाठीची नोंद कुठेच नाही. ती मी केली पाहिजे होती. नोकरी नवी होती, मी घाबरलो. हे मी पहिल्यांदाच चारचौघांत सांगतो आहे.

आता कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. तर २०१७ साल आठवा. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात त्या वर्षीच्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडो लोक दवाखान्यात पडले. सरकारने विशेष तपास पथक नेमले. पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर यवतमाळसह पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत काही काळ बंदी घालावी लागली. त्या वर्षी कपाशी पुरुषभर उंच वाढली होती. फवारा कमरेच्या खाली राहायचा तो छातीवर आणि तोंडावर येत होता. हवा दमट, ऊन कडक, अंगावर अर्धी बनियन. बॅटरीवरचे आणि पेट्रोलवरचे नवे पंप जोरात धुके सोडतात, त्या धुक्यातून माणूस चालत जात होता. दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारली जात होती. आणि दवाखान्यांत रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी हाताशी नव्हती, त्यामुळे कोणाच्या अंगात किती विष गेले आहे हे लवकर कळत नव्हते.

कपाशी यवतमाळची असली तरी पाठ इथल्याच माणसाची आहे. आपल्या अर्धापूर भागात इसापूर धरणाचे पाणी आले, केळी आली, हळद आली, ऊस आला. बागायत वाढली तसे औषधही वाढले. केळीवर करपा आला की फवारा. आणि केळीचे पान डोक्याच्या वर असते, हे लक्षात घ्या. वर मारलेले औषध खाली येते ते कोणाच्या डोक्यावर येते?

एक समजूत आधी मोडू या. विष तोंडानेच पोटात जाते असे आपल्याला वाटते, म्हणून फवारताना माणूस तोंडाला रुमाल बांधतो आणि बाकी अंग उघडे ठेवतो. फवारणीत जास्तीत जास्त विष कातडीतून जाते. तळहाताची कातडी जाड, तिथून हळू जाते. मान, कपाळ, काख, जांघ आणि जननेंद्रियाजवळची कातडी पातळ, तिथून झपाट्याने जाते. घामाने भिजलेली कातडी आणखी लवकर शोषते. जांघेपर्यंत भिजलेली चड्डी दिवसभर अंगावर वाळवणारा माणूस दिवसभर विष पीत असतो, फक्त तोंडाने नाही. आणि तो रुमाल? तो ओला झाला की विषाची पट्टी नाकाला बांधल्यासारखे होते. भिजला की बदलायचा, नाहीतर न बांधलेला बरा.

आमच्याकडची आणखी एक खोड म्हणजे तंबाखू. दोन पंप झाले की बांधावर बसायचे, चुन्याची डबी काढायची, आणि औषधाने माखलेल्या त्याच तळहातावर तंबाखू मळायची. मी कित्येकांना विचारले आहे, "हात धुतले होते का?" उत्तर येते, "पाण्यानं धुतले की." अहो, पुष्कळशी कीटकनाशके तेलकट असतात. नुसत्या पाण्याने ती जात नाहीत. साबण लागतो. पाच-दहा रुपयांची वडी शेतात ठेवणे हे मालकाचे काम आहे, आणि ती वापरणे हे मजुराचे.

नोझल तुंबले की तोंडाने फुंकतात. हे तर उघड्या डोळ्यांनी विष चाटणे झाले. जुना दातांचा ब्रश पंपाच्या पट्ट्याला दोरीने बांधून ठेवा, काम भागते. औषध काठीने ढवळा, हाताने नाही. मिसळणे हे सर्वांत धोक्याचे काम, कारण त्या वेळी औषध पाणी न घातलेले असते. आणि तेच काम आपण कोणाला देतो? पाणी आणून देणाऱ्या बाईला, नाहीतर शाळा बुडवून आलेल्या पोराला. "तू नुसतं झाकण भरून टाक" म्हणतो. ते झाकणच सगळ्यात जहाल. लेकरांना आणि गरोदर बाईला औषधाच्या जवळ येऊ देऊ नका, यात तडजोड नको.

डब्यावर एक चौकोन असतो, त्यात रंगीत त्रिकोण असतो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालच्या नियमांप्रमाणे तो छापावाच लागतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यावर कवटी आणि हाडांचे चित्र असते. त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरव्यालाही औषध समजून हाताळायचे आहे, सरबत समजून नाही. अक्षरे वाचता आली नाहीत तरी रंग ओळखता येतो. माझी मजुरांना विनंती आहे की पंप खांद्याला लावण्याआधी मालकाला म्हणा, "डबा दाखवा." यात उर्मटपणा काही नाही. आणि मालकांना विनंती, की दुकानदाराला विचारा, याच किडीवर लाल त्रिकोणाऐवजी निळ्याचे काही आहे का. अनेकदा असते. दुकानदार सांगत नाही कारण आपण विचारत नाही.

आता मालकमंडळींना जरा बोचेल असे बोलतो. आपल्याकडे फवारणी पंपावर देतात. एका पंपाला इतके रुपये. रोजाने नाही. मजूर काय करतो? जितके पंप जास्त तितके पैसे जास्त, म्हणून तो भर दुपारी मारतो, वारा उलटा असला तरी मारतो, पंप गळत असला तरी थांबत नाही, जेवायला बसत नाही. मग आपण म्हणतो, "यांना काळजीच नाही." काळजी कशी असेल? थांबल्यावर ज्याचे पैसे कापले जातात तो थांबेल कशाला? फवारणीचे काम रोजाने द्या, आणि तेही सकाळी नऊ-दहाच्या आत किंवा चारनंतर. वारा पाठीकडून येईल अशा रीतीने ओळी धरा. एकाच माणसाला आठवडाभर सलग पंपावर ठेवू नका, आलटून पालटून द्या. माझ्या अनुभवात मास्कपेक्षा या एका बदलाने जास्त माणसे वाचतील. हे माझे मत आहे, शासनाचे परिपत्रक नव्हे.

साधने मात्र हवीतच. लांब बाह्यांचा सदरा, पूर्ण पायजमा किंवा पँट, रबरी हातमोजे, गमबूट, डोळ्यांना चष्मा, डोक्याला टोपी, आणि पाठीवर पंपाखाली प्लास्टिकचे कापड. शेवटचे सर्वांत स्वस्त. खताच्या पोत्याच्या आतली प्लास्टिकची पिशवी धुऊन, फाडून, दोरीने गळ्यात आणि कमरेला बांधली तरी पाठ वाचते. मी पाहिलेल्या त्या सदऱ्याखाली एवढे असते, तर ... असो. उन्हाळ्यात हे सगळे घालून काम होत नाही, जीव गुदमरतो, असे मजूर म्हणतात, आणि ते खोटे नाही. म्हणूनच वेळ सकाळ-संध्याकाळची हवी. साधने आणि वेळ ही जोडगोळी आहे, एक सुटले की दुसरे टिकत नाही. काम झाले की कपडे वेगळे धुवा. घरातल्या बाईने तेच कपडे लेकरांच्या कपड्यांत भिजवले, तर फवारणी घरात आली. रिकाम्या बाटलीत तेल, रॉकेल, पाणी भरून ठेवू नका. बाटली फोडून, भोक पाडून टाका.

विषबाधेची लक्षणे मी मघाशी सांगितली, पण ती शेवटची. पहिली साधी असतात. डोके दुखणे, मळमळ, डोळ्यांपुढे धुरकट दिसणे, तोंडाला पाणी सुटणे, छाती भरल्यासारखी वाटणे. मजूर म्हणतो ऊन लागले. उन्हाने घाम येतो, पण बाहुली बारीक होत नाही, लाळ गळत नाही. अशा वेळी काम लगेच बंद. माणसाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणा, कपडे सगळे काढा, लाज बाजूला ठेवा, आणि साबण-पाण्याने पंधरा मिनिटे अंग धुवा, केस आणि नखांसकट. धुणाऱ्याने हातात मोजे किंवा पिशवी घालावी. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर निजवा. मिठाचे पाणी पाजू नका, बोटे घालून ओकायला लावू नका, दूध-तूप काही नको. १०८ ला फोन करा. आणि डबा सोबत न्या. डबा म्हणजे डॉक्टरच्या हातातली निम्मी चिठ्ठी. कोणत्या गटाचे विष आहे त्यावर ॲट्रोपिन द्यायचे की नाही हे ठरते.

तिथे गेल्यावर तोंडाने स्पष्ट सांगा, "फवारणी करताना झाले." डॉक्टर लिहितात ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून घेण्याचा आग्रह धरा. भिजलेले कपडे फेकू नका, पिशवीत बांधून ठेवा, पंचनाम्यात दाखवा. "औषध पिले" आणि "औषध लागले" या दोन शब्दांत एका कुटुंबाचे पुढचे वीस वर्षांचे आयुष्य असते.

ते कसे, तेही सांगतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजना आहे. अपघाती मृत्यूला २ लाख, दोन अवयव गेले तरी २ लाख, एक गेला तर १ लाख. कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा त्यात धरलेली आहे. आत्महत्या धरलेली नाही. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत करावा लागतो. पण ही योजना खातेदार शेतकऱ्याची आणि त्याच्या घरातल्या एका माणसाची. ज्याच्या नावे सातबारा नाही त्याला ती नाही. म्हणजे बांधावर उभा राहणारा तिच्यात आहे आणि पंप पाठीवर घेणारा बाहेर. या सभागृहात सातबारा असलेले किती आणि नसलेले किती, ते तुम्हीच मान वळवून बघा. हा अन्याय आहे आणि त्याबद्दल निवेदन गेले पाहिजे. पण निवेदनाचे उत्तर येईपर्यंत काय? बँकेत खाते असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये कापले जातात, आणि १८ ते ७० वयातल्या माणसाला अपघाती मृत्यूला २ लाखांचे संरक्षण मिळते. वीस रुपये. गुत्तेदारांनो, टोळीतल्या प्रत्येकाचे वीस रुपये तुम्ही भरा, उचलीतून कापू नका. सालगड्याचे साल ठरवताना मालकाने भरावेत.

आणि मालकाच्या अंगावरची जबाबदारी वेगळी. कामावर अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हा कायदा १९२३ चा आहे, इंग्रजांच्या काळातला. ट्रॅक्टरने वा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या साधनाने होणाऱ्या शेतीतला मजूर त्यात धरलेला आहे. कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत फॉस्फरसच्या विषारी संयुगांचे आजारही आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार श्रम संहिता लागू केल्या, तेव्हा या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, तीत धरला आहे. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. मजूर रोजंदारीचा आहे, कागद नाही, म्हणून भरपाई नाही, असे कोणी सांगितले तर वकिलाला विचारल्याशिवाय मान्य करू नका.

जाता-येताना म्हटले की मला आलेगाव आठवते. ४ एप्रिल २०२५. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या बाया शेतकामाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून नांदेड तालुक्यातल्या आलेगावच्या शिवारात येत होत्या. ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत गेला. सात बाया गेल्या. इथून काही फार लांब नाही ते. शासनाने मदत जाहीर केली, पुढारी येऊन गेले. पण मी विचारतो, त्या दिवसानंतर आपल्या तालुक्यात किती विहिरींना कठडा बांधला गेला? रस्त्याकडेच्या किती विहिरींना निदान काटेरी कुंपण झाले? ट्रॉली ही माल वाहण्याची आहे, तिला ना ब्रेक धड, ना बसायला धड. मजुरांची ने-आण ऑटोने करा, आणि ट्रॅक्टरच लागला तर चालवणारा परवानाधारक, वयात आलेला असू द्या. मालकाचा दहावीतला मुलगा हौसेने चालवतो, त्याला कौतुकाने बघू नका.

हळदीचे थोडक्यात सांगतो. शिजवायच्या कुकरला वाफेची झडप असते, ती अडकली म्हणून खिळा ठोकून बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. तो कुकर नाही मग, बॉम्ब आहे. झाकण वाफ पूर्ण उतरल्याशिवाय उघडू नका. पॉलिशच्या ड्रमजवळ धूळ उडते, तिथे बाया दिवसभर उभ्या असतात, त्यांना चांगला मास्क द्या. एप्रिलचे ऊन, त्यात भट्टी. पाण्याचा माठ आणि सावली मजुरी ठरवतानाच ठरली पाहिजे.

मळणी यंत्राबद्दल मात्र थोडे थांबावे लागेल, कारण माझ्या चुलत भावाचा उजवा हात कोपरापासून त्यात गेला. सोयाबीनचे दिवस, रात्रीचे अकरा, दिवसभर काम झालेले, पेंढी अडकली म्हणून त्याने हाताने ढकलली. १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रांचा कायदा केला, तो मळणी यंत्रांसाठीच. मळणी यंत्राचे तोंड, म्हणजे ज्यातून पेंढी सरकवतात ते पन्हळ, कमीत कमी ९० सेंटिमीटर लांब असावे आणि त्यातले ४५ सेंटिमीटर वरून झाकलेले असावे, असे भारतीय मानक आहे. म्हणजे हात आत पोहोचूच नये. आता घरी जाऊन आपापल्या गावातल्या यंत्राला हात लावून मोजा. काही ठिकाणी तोंड कापून आखूड केलेले दिसेल, काम लवकर होते म्हणून. बायांनी पदर खोचावा, वेणी बांधावी, ओढणी काढून ठेवावी. पट्ट्यावर जाळी असावी. रात्री अकराला मळणी करू नये. भाऊ आता डाव्या हाताने सही करतो. यंत्रमालकाने दवाखान्याचा खर्च दिला, हेही सांगितले पाहिजे. पण दवाखान्याचा खर्च म्हणजे हाताची किंमत नव्हे.

एक विषय राहिला तो आपल्या समाजाच्या अधिक जवळचा. संडासाची टाकी. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यात अशा एका टाकीची सफाई करताना पाच जण मेले. बहुतेक वेळा असेच होते. पहिला गुदमरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. टाकीतला वायू थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण जास्त झाला की नाकच बधिर होते, वास येणे बंद होते आणि माणसाला वाटते वायू गेला. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत इथे उपयोगाची नाही. टाकीत मिथेन असेल तर भडका उडेल, आणि तो विषारी वायू कंदिलाने कळतच नाही. २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय माणसाला टाकीत वा गटारात उतरवणे हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये अशा मृत्यूला १० लाख रुपये भरपाई ठरवली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. तेव्हा कोणी दारूची बाटली आणि पाचशे रुपये दाखवले तरी उतरू नका. नगरपंचायतीची किंवा खाजगी उपसण्याची गाडी बोलवायला सांगा. कोणी आत पडलाच तर उतरू नका, बाहेरून दोर टाका, अग्निशमन दलाला बोलवा. आपल्या भावाला तिथे पडलेले पाहून न उतरणे किती कठीण आहे, हे मला समजते. तरी सांगतो. जुन्या विहिरीत डिझेल इंजिन उतरवून उपसा करतात, तिथेही हाच प्रकार, इंजिनाचा धूर खालीच साचतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद भागातल्या कोळशाच्या खाणींवर गेले आणि खाणीत खाली उतरून मजूर कसे काम करतात ते त्यांनी पाहिले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण मजुरांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतला आठवडा ४८ तासांवर आला. त्याआधी मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होतो असे सवर्ण कामगार म्हणत. बाबासाहेबांनी त्या बंदीविरुद्ध आवाज उठवला. मला कंपाउंडर म्हणून त्यात आणखी एक दिसते. एकाच धोट्याला दहा जणांनी तोंड लावणे म्हणजे क्षयाला आमंत्रण. विटाळाची चर्चा झाली, रोगाची झाली नाही. आपल्याकडे कामाच्या जागी शुद्धाशुद्ध पाहिले गेले ते माणसाच्या जातीचे. हवेचे, पाण्याचे आणि हाताचे पाहिले गेले नाही. कारखान्याच्या कामगाराला कायद्याने जाळी मिळाली, पंखा मिळाला, विमा मिळाला. शेतातला मजूर कायम काठावर राहिला. आताच्या नव्या सुरक्षा संहितेतही आस्थापना म्हणजे सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांची जागा. चार मजुरांच्या केळीच्या बागेत निरीक्षक येणार नाही. तिथे निरीक्षक तुम्हीच.

मालक-मजूर दोघांनीही विचारावे म्हणून मी मंडळाला तीन गोष्टी सुचवल्या आणि त्या मान्य झाल्या आहेत. विहाराच्या कपाटात हातमोजे, चष्मे, गमबूट आणि ॲप्रन यांचे काही संच ठेवले जातील, फवारणीच्या दिवशी सही करून न्यायचे, धुऊन परत द्यायचे. ज्यांची बँक खाती आहेत त्यांचे विम्याचे अर्ज आजच भरून घेतले जातील, दाराजवळच्या टेबलावर दोन मुले बसली आहेत. तिसरी गोष्ट एक वही. तालुक्यात कोणालाही कामावर लागले, भाजले, विष चढले, तर ते तारखेसकट त्यात लिहायचे, कोण काय म्हणाले ते आणि अंगावर काय दिसले तेही. वहीत पहिली नोंद मी केली आहे. नाव लिहिले नाही. सदऱ्याच्या पाठीचे लिहिले आहे.

आता मी बाहेर अंगणात येतो. तिथे दोन पंप ठेवले आहेत, त्यात औषध नाही, नीळ घातलेले पाणी आहे. एकाचे वायसर चांगले, एकाचे गळके. पांढरा सदरा घालून आलेल्या कोणी दोघांनी पुढे यावे, आणि मालकांपैकी कोणी आले तर अधिक बरे. पाच मिनिटे पाठीवर घेऊन चाला, मग सदरा काढून सर्वांना दाखवा.